ट्रायफिनाची बादली

ट्रायफिना रागावलेली नाही असा दिवस मी पाहिलेला नाही, आणि मी तिचा शेजारी आहे. आमच्या दोन अंगणांमध्ये शेराचं कुंपण आहे, तेसुद्धा तिच्या बाजूने जरा करपल्यासारखं दिसतं. सकाळी ती कोंबड्याच्या आधी उठते आणि कोंबड्याला उशीर केला म्हणून झापते. मग चूल पेटत नाही म्हणून लाकडांना, मग लाकडं ओली आणली म्हणून स्वतःला, आणि स्वतःला बोलून झालं की कुंपणावरून मला. मी काही केलेलं नसतं.

"म्हणूनच," ती म्हणते. "काही करत नाहीस म्हणूनच."

तिला बोलायचा हक्क आहे. मलाही आहे. ती मधमाशीच्या कुळातली, मी हत्तीच्या, आणि आम्हा टोंगा लोकांत ही थट्टेची कुळं. मी तिला चारचौघांत काहीही म्हणावं, तिने मला मक्याच्या पिठाची न्शिमा घोटायच्या दांड्याने बडवावं, आणि कुणी खरोखर चिडायचं नाही. चिडला तो हरला. उद्या मी मेलो की सगळे रडत असताना हिनेच उठून माझी नक्कल करायची आहे: फिनियास कसा चालायचा, कुणाकुणाच्या दारात फुकटची बिअर प्यायचा, प्यायल्यावर कुठे पडायचा. त्या दिवसासाठी ती माहिती गोळा करते आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पण आज मी थट्टा करायला बसलेलो नाही. डोकं तापलंय. गावात ज्या बाईचे डोळे उघडे होते, तिच्या डोक्यावर राख ओतायला गावाने मला उभं केलं. ते कसं झालं ते सांगतो, म्हणजे माझं डोकं जरा निवेल. नाही निवलं तर तुमचंही तापेल, तेवढंच.

तर आधी शेताचं ऐका. ट्रायफिनाचा नवरा जायरस खोकत खोकत गेला. तो शेळीच्या कुळातला, आमचे मुखिया बा हामालांबो यांचा भाचा. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं सगळं त्याच्या आईच्या गोतात परत जातं. बायको राहते हात हलवत. शेत जायचं ते जायरसच्या मावसभावाकडे, केबीकडे. केबी म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्याला काळा चष्मा, खिशात फोन आणि फोनमध्ये बॅलन्स नाही. कुदळ त्याने हातात धरली ती फोटो काढायला. मुखियालाही त्याचं शेतीप्रेम माहीत होतं. म्हणून सुतकातल्या बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "जोवर ही बाई राबते आणि गावाचा नेम मोडत नाही, तोवर शेत हिचं."

ट्रायफिनाने त्यातलं 'राबते' ऐकलं. केबीने 'नेम मोडत नाही' ऐकलं, आणि तेव्हापासून वाट बघत बसला.

मग ती बादली आली. शेतकी खात्याचा माणूस मोटारसायकलवरून आला, मुसेकेसेच्या झाडाखाली सगळ्यांना बसवलं आणि म्हणाला की मक्यावर एक नवी अळी आली आहे, समुद्रापलीकडून, आणि तिचे आईबाप असलेले पतंग वाऱ्यावर बसून फार लांबचा पल्ला मारतात. त्याने पिशवीतून एक पांढरी बादली काढली. वर हिरवं झाकण, मध्ये पिवळं नरसाळं. झाकणाच्या आत एक छोटी गोळी, तिला मादी पतंगाचा वास. त्या वासाने नर येतात, नरसाळ्यातून आत पडतात आणि बाहेर निघायचा रस्ता त्यांना सापडत नाही.

"म्हणजे घरजावई!" मागून कुणीतरी म्हणालं. बायका तोंडावर हात धरून हसल्या.

साहेबही हसला. म्हणाला, "यानं अळी मरत नाही. पतंग आले किती ते कळतं. बादलीत नर वाढायला लागले की समजायचं, माद्याही इथेच कुठेतरी अंडी घालतायत. मग रोज शेतात वाकून पोंगे, म्हणजे मक्याच्या शेंड्याची गुंडाळलेली पानं, उघडून बघायचे. अळी बारीक आहे तोवर काहीतरी करता येतं. मोठी झाली की पोंग्यात खोल जाऊन बसते आणि वर स्वतःच्याच लेंड्यांचं बूच मारते. मग तुमची राख पोचत नाही आणि माझं औषधही पोचत नाही. कोण घेतंय बादली?"

रोज वाकायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या कमरा दुखायला लागल्या. माझी तर सगळ्यात आधी.

ट्रायफिना उठली. मुखिया म्हणाला, "खांब उंच लागतो, पोरी. बाईमाणसाचा हात पोचायचा नाही."

"तुमचा पोचतो ना, बा? मग तुम्ही घ्या."

मुखियाने आभाळाकडे पाहिलं. बादली ट्रायफिनाने घेतली.

खांब तिने एकटीने पुरला, मी कुंपणाजवळ उभा राहून सूचना दिल्या. "ट्रायफिना," मी म्हणालो, "जायरस काय गेला, तू नवऱ्यांचा बाजारच भरवलास!"

"येतील ते सगळे तुझ्यासारखेच," ती म्हणाली. "वासावर यायचं आणि तोंडावर पडायचं. तो दगड दे इकडे."

पेरणीनंतर पाऊस बरा झाला आणि मग नवऱ्यासारखा न सांगता गेला. मका गुडघ्याला आला आणि ऊन तापायला लागलं. एका सकाळी कोंबडा आरवला, पण त्याला कुणी झापलं नाही. मी घाबरून उठलो. म्हटलं, मेली की काय. कुंपणापाशी गेलो तर ती पलीकडे उभी, बादली हातात, आत करड्या पतंगांचा थर.

"हत्ती, चल."

"अजून तोंड धुतलं नाही."

"तुझं तोंड धुऊन कुणाचं भलं झालंय? चल."

शेतात नेऊन तिने माझी मान धरून मला वाकवलं. पानांवर पापुद्रा खरवडलेला, उजेडाकडे धरलं की खिडकीच्या काचेसारखं आरपार दिसायचं. दुसऱ्या पानाच्या खाली अंड्यांचा एक पुंजका, वर लव, जणू कुणी मळका कापूस चिकटवलाय. तो तिने अंगठ्याने चिरडला. मग एक पोंगा हलकेच उघडला. आत ओल्या भुश्शासारखी घाण, आणि त्या घाणीत एक अळी, नखाएवढीच.

"खोडकिडा आहे," मी म्हणालो. जाणत्या माणसासारखं बोललं की लवकर सुटका होते.

"खोडकिड्याच्या कपाळावर हे असतं?" तिने अळी तळव्यावर घेऊन माझ्या नाकाखाली धरली. काळसर डोकं, आणि त्यावर फिकट रेघांनी काढलेली बेचकी. पोरं पक्षी मारायला गलोल करतात ना, तिची बेचकी. फक्त उलटी. "आणि इकडे बघ, शेपटीकडे. चार ठिपके, चौकोनात. खाटेचे चार पाय. खोडकिड्याला नसतात, जुन्या लष्करी अळीलाही नसतात. ही तीच आहे, साहेब म्हणाला ती."

"मग आता?"

"आता राख आणि बारीक माती, चिमूट चिमूट, एकेका पोंग्यात. आणि दिसेल ती चिरडायची. आज, उद्या, परवा. नंतर उपयोग नाही." मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोंगा असतो तर वाळलो असतो. "जा, तुझं शेत बघ!"

मी बघणार होतो. खरंच बघणार होतो. पण त्याच दिवशी मुखियाचा निरोप आला: पाऊस ओढलाय, मालेंडेला बिअर वाहायची, पाऊस मागायची ल्वीन्डी करायची. मालेंडे म्हणजे आमच्या पावसाच्या पितरांची राई. बिअर मुरेपर्यंत आणि ती राईत ओतेपर्यंत शेतं बंद. कुदळ नाही, कोयता नाही, शेतात पाऊल नाही. हा जुना नेम आहे आणि मला त्यात खोट काढायची नाही. पितर झोपेतून उठत असताना आपण पायाखाली खडखड करू नये, एवढंच त्यात आहे. पण बिअर एका दिवसात मुरत नाही, आणि अळी मुरायची वाट बघत नाही.

झाडाखालच्या बैठकीत ट्रायफिनाने हे सांगितलं. अर्थात तिने सांगितलं तिच्या पद्धतीने, म्हणजे दोन माणसं आणि एक कुत्रा उठून लांब जाऊन बसले.

मुखियाने तिचं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. तो तरुण असताना लष्करी अळी आली होती, ती जुनी, काळी, फौजेसारखी चालत येणारी. लोकांनी घाबरून मका उपटून गुरांना घातला. हामालांबो म्हणाला, थांबा. पांढरे करकोचे आले, त्यांनी अळ्या वेचल्या, उरल्या त्या जमिनीत गेल्या, आणि ज्यांनी मका ठेवला होता त्यांचा मका पुन्हा फुटला. उपटणाऱ्यांनी त्या साली रानकंद खाल्ले. त्या वर्षी तो बरोबर होता. माणूस एकदा बरोबर ठरला की जन्मभर तेवढंच एक बरोबर बगलेत घेऊन फिरतो.

"करकोचे येतील," तो म्हणाला.

"ती फौज होती, बा. फौज येते, खाते, पुढे जाते. ही कुठे जात नाही. ही घर करून बसते आणि आतून खाते." ट्रायफिनाने केबीकडे बोट केलं. "याच्यासारखी."

लोक हसले. केबीने चष्मा काढला. "मामा, एक विचारू? पतंग आधी आले का बादली आधी आली? बादली लागल्यापासूनच पतंग येतात. ही वास लावून बोलावते त्यांना. साहेबच म्हणाला होता, वासाने येतात म्हणून!"

आणि बघता बघता सगळ्यांना ते पटलं. मला आजही त्याचा राग येतो. जे स्वतःच्या शेतात वाकून बघायला तयार नव्हते, त्यांना बादलीकडे बोट दाखवणं किती सोपं गेलं! दुखणं जिनं ओळखलं, तिनंच म्हणे ते आणलं. एक बाई म्हणाली, विधवेने असला वास दारात ठेवणंच मुळात चांगलं नाही. दुसरी म्हणाली, माझी पोर तिकडून जाताना शिंकली. मुखियाने बादली उतरवायला सांगितली आणि सांभाळायला दिली कुणाकडे? केबीकडे.

ट्रायफिना गप्प बसली. मी तिच्या शेजारी होतो. गप्प बसलेली ट्रायफिना मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

तिने काय केलं ते तुम्ही ओळखलंच असेल. दिवस उजाडायच्या वेळी राखेचा डबा घेऊन ती शेतात जायची, कुदळ न घेता, चपला बांधावर काढून, वाकून, पोंग्यामागून पोंगा, आणि लोक उठायच्या आत परत. मला कुंपणातून दिसायचं. मी पाठ फिरवून पडायचो.

बिअर मुरत आली होती तेव्हा केबीने तिला पकडलं. दंडाला धरून, राखेच्या डब्यासकट, थेट मुखियाच्या अंगणात. शेतं बंद असताना केबी स्वतः शेतात काय करत होता, हे कुणीही विचारलं नाही. त्याने येताना खुंट्यासुद्धा तोडून आणल्या होत्या, हद्द आखायला.

"नेम मोडला," मुखिया म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता, पण शब्द तेच होते. "सुतकात मी काय म्हणालो ते सगळ्यांनी ऐकलंय. शेत केबीचं."

ते शेत गेलं की ट्रायफिनाला गावात उभं राहायला जागा नाही. माहेरी कुणी उरलं नाही, आणि लेक लुयांडो लुसाका शहरात दुसऱ्यांची धुणी धुते, तिच्याच डोक्यावर छप्पर नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

तेवढ्यात मालेंडेची राखण करणारी म्हातारी चिमुका खोकली. तिला दिसतं कमी, पण तिच्याशिवाय राईत बिअरचा थेंब ओतता येत नाही. "घाई कशाची?" ती म्हणाली. "नेम पितरांचा मोडलाय, केबीचा नाही. आधी शुद्धी. हत्ती आहे ना गावात? की पिऊन पडलाय?"

मी पडलो नव्हतो, पण पडायला हवं होतं असं वाटलं.

आमच्याकडे शुद्धी थट्टेच्या कुळाच्या हातून होते. दोषी माणसाला मध्ये उभं करायचं. त्याच्या डोक्यावर राख ओतून, गावासमोर, तोंडाला येईल ते बोलायचं. त्याने हूं की चूं करायचं नाही. सगळं निमूट ऐकलं तर दोष धुतला, पुन्हा कुणी नाव घ्यायचं नाही. एकदा जरी चिडून तोंड उघडलं, तर दोष कायमचा चिकटला. आणि बोलणाऱ्यावरही कुणी चिडायचं नाही, कारण तो त्या वेळी पितरांची केरसुणी असतो.

ट्रायफिना. निमूट. गावाला हसू आवरेना. केबी तर खुंट्या मांडीवर घेऊन आरामात बसला, बाजारात जागा धरून बसावं तसा.

मी तिच्याजवळ गेलो. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. ती ओठ न हलवता म्हणाली, "फिनियास, हळू बोलू नकोस. हळू बोललास तर लबाडी कळेल त्यांना."

"चिडशील."

"तो माझा धंदा. तू तुझा कर."

मी तिच्याच डब्यातली राख घेतली, मक्यासाठी आणलेली, बारीक चाळलेली. ती तिच्या डोक्यावर ओतली. मग सुरुवात केली.

म्हटलं, ही बघा मधमाशी, जिच्या पोळ्यात मध सोडून सगळं आहे. हिच्या जिभेने माझं कुंपण वाळलं. हिची न्शिमा इतकी घट्ट की जायरसच्या थडग्यावर दगडाऐवजी तीच ठेवली. लोक हसत होते. हिला कुत्रा चावला आणि कुत्र्याला दवाखान्यात न्यावं लागलं. हिचा आवाज ऐकून आमच्या गायी उभ्या उभ्या आटतात. ट्रायफिनाचा जबडा हलत होता, ओठ नाही. मिटलेल्या बोटांच्या फटीतून काहीतरी हिरवं ओघळायला लागलं.

"बोल की, मधमाशी!" केबी ओरडला. "नांगी कुठे गेली?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं: अजून.

मग मी ते म्हणालो. म्हटलं, जायरस खोकल्याने गेला म्हणतात. खोटं आहे. तो हिच्या बडबडीला कंटाळून गेला; मरण स्वस्त पडलं त्याला.

कुणी हसलं नाही. ट्रायफिनाच्या डोळ्यांतून दोन रेघा राखेतून खाली आल्या. तिने मूठ आणखी आवळली. बोलली नाही.

आणि मग, काय सांगू, माझंच माथं भडकलं. तिला बोलून तर झालं होतं. पण जीभ सुटलेली होती, हातात राख होती, आणि समोर शेळीचं अख्खं कुळ बसलं होतं. हत्तीची थट्टा शेळीशीही चालते.

"आणि हिचा गुन्हा ऐका," मी म्हणालो. "हिने वाकून पाहिलं! आपण सगळे ताठ कण्याची माणसं, आणि ही वाकली. हिने पतंग बोलावले म्हणे. बादली आता कुठे आहे? केबीच्या झोपडीत. बादलीत काय आहे? केबीचा साबण आणि वस्तरा. आणि झाकणातली गोळी काढायची त्याला सुचली नाही! रोज दिवेलागणीला याच्या दारात पतंगांची रांग लागते. सगळे नर! केबी, लाजू नकोस, इतकी स्थळं आमच्या एकाही पोरीला आली नाहीत."

पोरी खिदळल्या, कारण ती रांग त्यांनी पाहिली होती. केबीने चष्मा घातला, पुन्हा काढला.

"आता मला सांगा. बादली तिकडे गेली तर अळ्याही तिकडे जायला हव्या होत्या. केबीच्या वस्तऱ्याला अळी लागली का? नाही. मग शेतात कुणी बोलावल्या?"

हसणं थांबलं.

मुखियाचं शेत त्या अंगणाला लागूनच आहे. मी वाटेच्या कडेला गेलो, पाय वाटेवरच ठेवले आणि हात लांब करून मक्याचं एक ताट मुळासकट उपटलं. कुणीतरी ओरडलं, तेव्हा म्हटलं, नेम पावलाचा आहे, हाताचा नाही, आणि म्हातारीने मान डोलावली. मी ते ताट मुखियासमोर आणून पोंगा उभा फाडला. वरचं लेंड्यांचं बूच निघालं आणि आतून बोटाएवढी जाड अळी त्याच्या गुडघ्यावर पडली. कपाळावर उलटी बेचकी, लांबूनही दिसेल अशी.

"घ्या, बा," मी म्हणालो. "तुमचे करकोचे आले."

मुखियाने अळीकडे पाहिलं. त्याच्या कपाळाची शीर फुगली. त्याला दिसलं होतं. मला खात्री आहे की त्याला त्याच क्षणी सगळं दिसलं, अंगणाला लागलेलं आपलं अख्खं शेतही. आणि माणसाला दिसलं की आधी राग येतो. तो ताडकन उठला, स्टूल लाथेने उडवलं, काठी उगारली. "तोंड बंद कर, हत्तीच्या अवलादी! माझ्या अंगणात मला शिकवतोस?"

काठी वरच राहिली, कारण सगळीकडून एकच आवाज उठला: "चिडला! शेळी चिडली!"

मला आनंद झाला असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही झाला. तो म्हातारा माणूस काठी उगारून उभा होता आणि त्याला ती खाली कशी घ्यायची ते समजत नव्हतं.

चिमुका म्हातारीने विचारलं, "मधमाशी बोलली का? मला नीट ऐकू येत नाही."

"नाही बोलली," बायका म्हणाल्या.

"मग धुतलं गेलं. शेत तिचं. केबी, त्या खुंट्या माझ्या चुलीला आणून टाक, बिअरला जाळ कमी पडतोय."

तेव्हा ट्रायफिनाने मूठ उघडली. पहाटे शेतात वेचलेल्या अळ्या होत्या त्यात. केबीने दंड धरला तेव्हा टाकायला वेळच मिळाला नव्हता. माझ्या एकेका शिवीला तिने एकेक चिरडली होती. तळव्यावर नुसता हिरवा लगदा उरला होता. तो तिने केबीच्या इस्त्रीच्या शर्टाला शांतपणे पुसला आणि घरी गेली.

बिअर ओतली, शेतं उघडली, दोन दिवसांनी पाऊसही आला. पितरांचा त्यांच्या बाजूने काही दोष नाही. पण आम्ही शेतात गेलो तेव्हा पोंगे चाळणीसारखे झाले होते. आत हात घालावा तिथे बूच, आणि बुचाखाली ती, गुबगुबीत. राख वरच्या वर राहत होती. माझं अर्ध्याहून जास्त गेलं, मुखियाचं त्याहून जास्त. ट्रायफिनाचं शेत तेवढं उभं होतं, मध्ये मध्ये टक्कल पडलेलं, पण उभं. आणि आमच्यातले काही शहाणे आता म्हणतात की तिचं नशीबच चांगलं. हे ऐकलं की मला वाटतं, राखेचा तो डबा घ्यावा आणि घरोघर जावं.

बादली तिने स्वतः जाऊन आणली. साबण आणि वस्तरा दारातच पालथे केले. खांबावर बांधताना मला दोरी धरायला लावली, आणि गाठ मारून झाल्यावर न्शिमाचा दांडा काढून माझ्या पाठीत एक असा घातला की मी बसलोच.

"जायरसचं कशाला काढलंस?"

"तूच म्हणालीस, हळू बोलू नकोस."

"ते खोटं होतं."

"हो. खोकल्यानेच गेला."

तिने मारलेली गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. "रात्री खोकायचा तेव्हा मी ओरडायचे त्याच्यावर," ती म्हणाली. "झोपू दे म्हणून." मग एकदम, "बसलास काय? ऊठ. वाक. त्या ओळीतले पोंगे तुझे. तोंड कमी, डोळे जास्त."

दुसऱ्या दिवशी मुखियाची बायको डबीत एक अळी घेऊन आली. म्हणाली, त्यांनी विचारलंय, ही तीच का?

"त्यांना म्हणावं, पाय आहेत ना? स्वतः या."

तो आला. हातात मक्याचं फाटकं ताट, कुंपणाच्या पलीकडे उभा, टोपी काढलेली. ट्रायफिनाने त्याला स्टूल दिलं नाही. कोंबड्यापासून सुरुवात केली, मग ओली लाकडं, मग फौज कशी असते आणि घरभेदी कसा असतो, आणि त्यानंतर त्याचं डोकं धरून त्याला खाली वाकवून कपाळावरची बेचकी दाखवली. तो मान हलवत, "हो, पोरी... हो, पोरी..." म्हणत राहिला. मी शेराच्या आड बसून एकही शब्द न सांडता ऐकलं. हत्ती शेळीचाही थट्टेकरी आहे. त्याच्या मयताला मला हे लागणार आहे.